नागरिकाची माहिती आणि नगरपालिकेचे दप्तर

मूल जन्माला आले की त्याची पहिली नोंद नगरपालिकेच्या दप्तरात होते, आणि माणूस घाटावर पोहोचला की शेवटची नोंदही त्याच दप्तरात होते. या दोन नोंदींच्या मध्ये आपण किती वेळा त्या दप्तरात शिरतो, याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. लस टोचली की नोंद. पालिकेच्या शाळेत नाव घातले की नोंद, आणि तीही जात, आईचे नाव, आधार क्रमांक यांसह. लग्नाची नोंद, घरटॅक्सची नोंद, दुकानाच्या परवान्याची, हातगाडीच्या ओळखपत्राची, पालिकेच्या दवाखान्यातील केसपेपरची, दिव्यांगांच्या साहाय्याची, घरकुलाच्या अर्जाची नोंद. नळाचे बिलही यातलेच. मात्र नागपुरात पाणीपुरवठ्याचे काम २०१२ पासून खासगी कंपनीकडे दिलेले असल्याने ते दप्तर आणखी एका दारातून बाहेर गेले आहे. सख्ख्या भावाला आपल्याबद्दल जेवढे ठाऊक नसते, तेवढे झोन कार्यालयातील कपाटांना आणि संगणकांना ठाऊक असते.

नागपूरची नगरपालिका १८६४ सालची. १९५१ साली तिची महानगरपालिका झाली. त्या काळी दप्तर म्हणजे खरोखरीच कापडात बांधलेले रुमाल. दहा हजार माणसांची माहिती पळवायची म्हटली तर बैलगाडी आणावी लागली असती आणि फाटकावरच्या शिपायाने ती अडवली असती. आज तेच दप्तर करंगळीएवढ्या वस्तूत मावते आणि एका बोटाच्या दाबासरशी गावभर जाते. दप्तराचा आकार गेला, त्याबरोबर ते राखण्याची जुनी सवयही गेली. नवी सवय अद्याप लागलेली नाही, हे आजच्या विषयाचे मूळ आहे.

कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाने या विषयात का पडावे, असे काहींना वाटेल. मी कायद्याचा पदवीधर नाही. माझे बहुतेक शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि लेबर कोर्टाच्या ओट्यावर झाले. पण कागद दाबून ठेवला तर काय होते आणि नको तो कागद बाहेर आला तर काय होते, या दोन्ही गोष्टी कामगाराइतक्या दुसऱ्या कोणाच्या अंगाला लागत नाहीत. आमच्या चळवळीने आयुष्यभर एकच मागणी केली, की हजेरीपट दाखवा. महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या कामांवर, पुढे १९९० नंतरच्या दशकात राजस्थानातील मजुरांच्या जनसुनावण्यांत, मजुरांनी हजेरीपट उघड करवून घेतले तेव्हा मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचललेली सापडली. माहितीच्या अधिकाराचा २००५ सालचा कायदा त्या मागणीच्या पोटी जन्मला. तेव्हा कोणी मला ‘सगळे झाका’ असे म्हणणाऱ्यांत बसवू नये.

प्रश्न काय उघडावे आणि काय झाकावे हा आहे. सार्वजनिक पैसा कोठे गेला, कोणत्या आदेशाने गेला, कोणत्या अधिकाऱ्याने सही केली, हे उघडे असावे. माणसाचा आजार, त्याचा फोन नंबर, बँकेचे खाते, आधार क्रमांक, त्याच्या बोटाचा ठसा, हे झाकलेले असावे. कोणतीही यादी समोर आली की मी मनाशी एक प्रश्न विचारतो : ही माहिती उघड केल्याने कारभाराचा हिशेब लागतो, की माणसाचा माग लागतो?

आपल्याच शहरातले उदाहरण घेऊ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पंचनामे झाले, मदत जाहीर झाली. अशा वेळी कोणत्या वस्तीत कोणाला किती मदत मिळाली याची यादी लोकांना पाहता आली पाहिजे. नाही तर ज्याच्या घरात पाणी शिरलेच नाही तोही यादीत शिरतो. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील ४ थे कलम अनुदान आणि सवलतींच्या लाभार्थ्यांबाबत हेच सांगते. पण नाव, वस्ती आणि रक्कम एवढ्याने हे काम भागते. त्या यादीत खाते क्रमांक आणि फोन नंबर घातले, तर भामट्याला तयार वहीच हाती मिळाली. आमच्याकडे बहुधा उलटे घडते. नागरिकाने आदेशाची प्रत मागितली की ‘गोपनीय आहे’ असे उत्तर येते, आणि नागरिकाचा आधार क्रमांक मात्र भिंतीवर चिकटवलेला असतो.

हे केवळ गरिबांचे किंवा केवळ आजचे दुखणे नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पारध्यांसारख्या अनेक जमातींतील माणसांची नावे नोंदवहीत चढवली गेली. चोरी केली म्हणून नव्हे, तर जन्म त्या घरात झाला म्हणून. एकदा नाव वहीत चढले की हजेरी देणे आले, गाव सोडण्यास परवानगी घेणे आले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण वहीने लावलेला डाग सत्तर वर्षांनंतरही पुरता धुतला गेलेला नाही, हे विमुक्त समाजातील कोणीही सांगेल.

युरोपात याहून भयंकर घडले. हॉलंडमधील नगरपालिका फार पूर्वीपासून प्रत्येक रहिवाशाचे कार्ड ठेवीत आणि त्यावर त्याचा धर्मही लिहीत. हेतू वाईट नव्हता. व्यवस्थित कारभाराचा तो नमुनाच होता. पुढे नाझींचा अंमल आला आणि त्यांना यहुदी शोधण्यासाठी फिरावे लागले नाही. कार्डे तयारच होती. खोटी ओळखपत्रे करून जीव वाचवावा, तर मूळ कार्डाशी ताडून पाहिले की खोटेपणा उघडा पडे. तेव्हा २७ मार्च १९४३ च्या रात्री अ‍ॅम्स्टरडॅममधील देशभक्तांच्या एका गटाने शहराच्या नोंदणी कार्यालयात शिरून कार्डांना आग लावली. थोडाच भाग जळला. पुढे ते पकडले गेले आणि बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. नगरपालिकेचे दप्तर जाळण्यासाठी माणसांनी प्राण दिले, ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा दोन दिवस डोक्यातून जाईना. माहिती गोळा करणारा सज्जन असला तरी तिचा पुढचा धनी कसा असेल, हे त्यालाही ठाऊक नसते.

आपल्याकडेही ही समज नव्हती असे नाही. १९४८ सालच्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानुसार जनगणनेत सांगितलेली माहिती कोणालाही पाहायला मागता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही आणता येत नाही. स्वातंत्र्य मिळून जेमतेम वर्ष झाले होते तेव्हाचा हा कायदा. ज्यांनी तो केला त्यांना कळत होते, की लोकांनी खरे सांगावे असे वाटत असेल तर सांगितलेले तेथेच राहील अशी हमी द्यावी लागते.

ती समज मधल्या काळात पातळ झाली. २०१७ साली आधार प्राधिकरणानेच माहितीच्या अधिकारातील उत्तरात कबूल केले, की केंद्र व राज्य सरकारांच्या २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावे व पत्ते आधार क्रमांकांसह सर्वांना दिसत होते. कोणी कुलूप फोडले नव्हते. दुकान उघडेच ठेवले होते. २०२० च्या मार्च महिन्यात करोनाची साथ आली तेव्हा आपल्या राज्यात घरी विलग राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारला गेला. शेजारच्या कर्नाटकात तर विलगीकरणातील लोकांच्या पत्त्यांच्या याद्याच सरकारने प्रसिद्ध केल्या. घरांवर फलक लागले. साथीत काही कठोर उपाय करावे लागतात, हे मी मानतो. पण दारावरच्या फलकाने रोग आवरला की शेजाऱ्यांनी दूधवाल्याला त्या घरी जाऊ दिले नाही, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीपुरते आठवून पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२० रोजी सांगितले, की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याखेरीज असे फलक लावू नयेत. तोपर्यंत लाट येऊन गेली होती.

आता नागपूरच्या सफाई कामगारांच्या घड्याळांकडे येतो. ऐवजदार हा आपल्याकडचा शब्द. कायम कामगाराच्या ऐवजी काम करणारा तो ऐवजदार. कित्येकांची उमर या ऐवजीपणातच गेली. आपल्या महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जी.पी.एस. घड्याळे बांधली आणि २०२० पर्यंत त्यांची चर्चा देशभर पोहोचली. माणूस कोठे उभा आहे हे त्या घड्याळावरून कार्यालयाला कळते. नेमलेल्या हद्दीत तो दिसला नाही, तर गैरहजेरी. कामगारांच्या तक्रारी तेव्हा छापून आल्या : बॅटरी उतरली, यंत्र बिघडले तरी पगार कापला जातो, घड्याळ आपले बोलणे ऐकते की काय अशी धास्ती वाटते, स्त्रियांना प्रसाधनगृहात जाताना संकोच होतो.

हजेरी घेण्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. हजेरी हा कामगाराचाही पुरावा असतो. ऐवजदाराला तर आपली वर्षे मोजून दाखवायला तोच एक आधार. जुन्या मस्टरवर सही करताना कामगार स्वतःची ओळ डोळ्यांनी पाहत असे, चूक असेल तर तेथेच भांडत असे. घड्याळाने ती ओळच त्याच्या डोळ्यांआड नेली. म्हणून या ठिकाणी विचारायचे प्रश्न साधे आहेत. ही नोंद कोणाच्या यंत्रावर साठते? किती दिवस राहते? कामाचे तास संपल्यावर नोंद थांबते का? ती कोण पाहू शकतो? आणि ज्या नोंदीवरून माझा पगार कापला, तिची प्रत मला का मिळत नाही? या पाच प्रश्नांत ‘घड्याळ नको’ असे एकही वाक्य नाही, तरी त्यांची उत्तरे द्यायची म्हटली तर पुष्कळसा कारभार सुधारावा लागतो.

तक्रार कशी करावी, हे मात्र एका प्रत्यक्ष प्रकरणावरून सांगतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. ज्या कार्यालयात घडले तेथील माणसे आज बदललेली आहेत. साहाय्य योजनेच्या लाभार्थ्यांची यादी कार्यालयाच्या बाहेरच्या भिंतीवर लागली. नाव, पत्ता, फोन नंबर, आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि शेवटच्या रकान्यात आजाराचे नाव. आमच्या घरकामगार बायांतील एका बाईचे नाव त्यात होते आणि पुढे मानसिक आजाराचा उल्लेख. औषध घेऊन ती वर्षानुवर्षे नीट काम करीत होती. आठवड्याच्या आत तिची तीन घरची कामे सुटली. कारण कोणी सांगितले नाही, पण सांगायची गरजही नव्हती. ती युनियनच्या खोलीत आली आणि म्हणाली, ‘‘भाऊ, पैसे दोन महिने उशिरा आले असते तरी चाललं असतं. पण माह्या लेकीच्या सासरचे लोकं बी त्याच रस्त्यानं जाते नं!’’

वस्तीतली पोरे तोपर्यंत संतापली होती. त्यांनी चार पानांचा अर्ज लिहून आणला. त्यात कार्यालयातील सगळ्यांचा उद्धार होता, भ्रष्टाचाराचे आरोप होते, आंदोलनाचा इशारा होता. नव्हते ते एवढेच, की यादी कोणत्या तारखेला, कोणत्या भिंतीवर लागली आणि तिच्यात कोणते रकाने होते. शिवाय एका पोराने पुरावा म्हणून यादीचा फोटो काढून मोबाइलवरील गटात टाकला होता. भिंत शंभर माणसे वाचतात, मोबाइल दहा हजार. तो फोटो आधी काढून टाकायला लावला.

मग अर्ध्या पानाचा अर्ज तयार झाला. पहिल्या परिच्छेदात तारीख, वेळ, ठिकाण, रकान्यांची नावे. दुसऱ्यात, यामुळे अर्जदार बाईचे काय नुकसान झाले, ते दोन वाक्यांत. तिसऱ्यात मागण्या : यादी आज उतरवावी, ही माहिती आणखी कोठे पाठवली असल्यास सांगावे, कोणत्या आदेशाने हे रकाने छापले त्या आदेशाची प्रत द्यावी, यापुढे काय व्यवस्था करणार ते लेखी कळवावे. फोटोची एक छापील प्रत जोडली, पण त्यात बाईची ओळ सोडून बाकी सर्वांच्या ओळींवर कागदाची पट्टी चिकटवली. तक्रार करताना दुसऱ्याची माहिती आपणच पुन्हा उघडी करणे हा प्रकार फार होतो, त्याकडे लक्ष असावे. अर्ज आवक विभागात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतला. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर सांगितलेली गोष्ट. पोच देण्यास टाळाटाळ झाली तर टपालाने पाठवावा. जुने रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात मिळवले गेले आहे, तेव्हा स्पीड पोस्टाची पावती जपून ठेवावी.

तिसऱ्या दिवशी यादी उतरली. उत्तर मात्र आले नाही. तेव्हा माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही माफ. आपल्या राज्यातील नियमाप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि त्यावरच अर्ज परत येतात. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. न आल्यास पुढील तीस दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे वीस रुपयांचे तिकीट लावून पहिले अपील, आणि तेथेही न्याय न मिळाल्यास नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगाचे एक खंडपीठ नागपुरातच आहे. आमच्या प्रकरणात पहिल्या अपिलात कागद हाती आला. वरून आलेल्या परिपत्रकात फक्त नाव आणि अर्ज क्रमांक लावण्यास सांगितले होते. बाकीचे रकाने कोणीही मागितले नव्हते. संगणकावरचा तक्ता जसा होता तसा छापला गेला होता, एवढेच.

छापणारा होता कंत्राटी संगणक चालक, महिन्याच्या मानधनावर. त्याला कोणी शिकवले नव्हते. खोलीतल्या चौघांचा पासवर्ड एकच होता आणि तो पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला होता. साहेबांनी लगेच सांगितले, ‘‘त्या पोराला काढून टाकतो, तुमचे समाधान होईल ना?’’ आम्ही लेखी कळवले, की होणार नाही. चौकशी अशी हवी की छापण्यापूर्वी यादी कोणी तपासायची होती आणि कोणाची सही हवी होती. माहितीच्या प्रत्येक गळतीत सर्वांत खालच्या पायरीवरील माणसाचा बळी देऊन प्रकरण मिटवण्याची रीत आहे. तक्रारदाराने तिला हातभार लावू नये. चालक बदलतो, चिठ्ठी तेथेच राहते. पुढे त्या कार्यालयात भिंतीवरच्या याद्यांसाठी दोन रकान्यांचा वेगळा तक्ता झाला. बाईला सुटलेल्या तीन घरांपैकी एकाने परत बोलावले.

आता कायद्यासंबंधी थोडे. हा भाग रुक्ष आहे, पण कार्यालयात गेल्यावर त्याचाच उपयोग होतो.

सर्वांच्या वर राज्यघटना. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने ठरवले, की खासगीपण हा २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे. दावा करणारे पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. या निकालामुळे महानगरपालिकेसारख्या संस्थेने हा हक्क मोडला तर नागरिक उच्च न्यायालयात रिट अर्ज करू शकतो, आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ आपल्या शहरातच आहे. खर्चाची वाट आहे, शेवटी ठेवावी.

आधार कायद्याचे २९ वे कलम सांगते, की नियमांनी सांगितलेली कारणे सोडून कोणाचाही आधार क्रमांक किंवा छायाचित्र जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. योगायोग असा, की आधार योजनेची सुरुवात आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. प्राधिकरणाचा तक्रारीचा फोन क्रमांक १९४७ आहे. लक्षात ठेवायला कठीण नाही. यादीवरून खाते कळून पैसे गेले असतील, तर मात्र आधी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर फोन करावा. तेथे मिनिटांना किंमत असते, अर्ज नंतर लिहिता येतो.

२००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३-अ हे नुकसानभरपाईचे कलम आहे. बँक खाते, आरोग्य, बोटाचे ठसे अशी नाजूक माहिती निष्काळजीपणे हाताळून कोणाचे नुकसान केले तर भरपाई द्यावी, असे ते म्हणते. गोम अशी, की ते कंपन्या, पेढ्या आणि धंदा करणाऱ्या मंडळींना लागू आहे. महानगरपालिका त्या व्याख्येत बसवणे कठीण. पण पालिकेने ज्याला काम दिले तो ठेकेदार त्यात बसतो. म्हणून तक्रारीत ‘हे काम कोणत्या कराराने कोणाकडे दिले आहे’ असा एक प्रश्न जरूर असावा.

आणि आता नवा कायदा : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य कलमांना अठरा महिन्यांची मुदत दिली, म्हणजे ती मे २०२७ पासून अमलात यायची आहेत. या कायद्याच्या इंग्रजी पाठात नागरिकाला सर्वत्र ‘ती’ म्हटले आहे. असे करणारा हा आपल्याकडील पहिला कायदा म्हणतात. त्यानुसार शासकीय संस्थेला अनुदान, दाखला, परवाना यांसाठी दर वेळी वेगळी संमती घ्यावी लागणार नाही. पण लागेल तेवढीच माहिती घेणे, ती सुरक्षित ठेवणे आणि चौकशीसाठी कोणाला भेटायचे ते जाहीर करणे, ही बंधने तिच्यावरही आहेत. गळती झाली तर ज्याची माहिती गेली त्याला विनाविलंब कळवले पाहिजे. तक्रार आधी त्या संस्थेकडेच करावयाची. तिने नव्वद दिवसांच्या आत तिची वासलात लावावयाची. तसे न झाल्यास डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येते. सुरक्षेत कसूर केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. दंड भारताच्या संचित निधीत जातो. ज्या बाईची तीन घरे सुटली तिला त्यातला एक पैसा मिळत नाही. उलट ही कलमे लागू झाली की वर सांगितलेले ४३-अ हे भरपाईचे कलम पुस्तकातून गळणार आहे. नगरपालिकेला दंड झाला तर तो शेवटी घरटॅक्समधून भरला जाणार, म्हणजे माहितीही आमचीच जायची आणि दंडही आम्हीच भरायचा. खोटी किंवा पोरकट तक्रार करणाऱ्यास दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूदही यात आहे. तिला भिण्याचे कारण नाही. पण तारीख आणि पुरावा नसलेला चार पानी अर्ज यापुढे अधिकच महागात पडेल, हे त्या पोरांसारख्यांनी ध्यानात घ्यावे.

याच कायद्याने माहितीच्या अधिकारावर एक घाव घातला आहे. ८ व्या कलमातील (१)(ज) या पोटकलमात पूर्वी असे होते, की खासगी माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने विनाकारण कोणाच्या खासगीपणावर अतिक्रमण होत असेल, तर ती नाकारता येईल. मात्र व्यापक जनहित असेल तर द्यावी. नोव्हेंबर २०२५ पासून तेथे एवढेच उरले आहे, की वैयक्तिक माहिती असेल तर नाकारता येईल. आता अधिकाऱ्याची सही, ठेकेदाराचे नाव, हजेरीपट, सारेच ‘वैयक्तिक’ म्हणून कपाटात जाण्याची सोय झाली. माणसाला झाकण्यासाठी केलेल्या कायद्याने कारभार झाकला जाण्याची ही भीती आहे, आणि ती मला गळतीइतकीच मोठी वाटते. त्याच ८ व्या कलमाचे पोटकलम (२) अजून शाबूत आहे : जनहित अधिक असेल तर माहिती देता येते. यापुढील प्रत्येक अर्जात त्याचा उल्लेख करून जनहित काय आहे ते एका ओळीत लिहावे. आमच्या बाईच्या प्रकरणात आम्ही परिपत्रक मागितले, कोणाचे खाते नव्हे. अशा मागणीला ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारणे अधिकाऱ्यालाही अवघड जाते.

नागपुरात मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे नगरसेवकच नव्हते. प्रशासकांचा कारभार होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. तेव्हा आणखी एक जुनी वाट पुन्हा मोकळी झाली आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला सांगून महासभेत प्रश्न विचारून घ्यावा : नागरिकांची माहिती किती ठेकेदारांकडे आहे, आणि करार संपल्यावर ती परत घेतली जाते का? एकट्याच्या अर्जाला उत्तर यायला महिने लागतात. पण एकाच यादीतील चाळीस जणांनी चाळीस वेगळे अर्ज एकाच दिवशी आवक विभागात दिले, तर त्या दिवशीचे आवक रजिस्टरच बोलू लागते. एका अर्जावर चाळीस सह्या घेण्यापेक्षा हे बरे. एका अर्जाचा एकच आवक क्रमांक पडतो.

राहता राहिली आपली स्वतःची काळजी. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना झेरॉक्सच्या दुकानांपुढे काय गर्दी होती, ते सर्वांनी पाहिले. आधारची प्रत देताना पहिले आठ आकडे झाकलेली प्रत मिळते, ती चालत असेल तेथे तीच द्यावी. कोणतीही प्रत देताना तिच्यावर आडवे लिहावे : ‘फक्त अमुक अर्जासाठी’, खाली तारीख आणि सही. अक्षरे छायाचित्रावरून आणि आकड्यांच्या कडेने जातील अशी लिहावीत, म्हणजे तीच प्रत दुसऱ्या कामाला चालवणे जड जाते. फॉर्मवर जो रकाना कशासाठी आहे ते कळत नाही, तो भरण्यापूर्वी खिडकीवर विचारावे. आणि दुकानदाराच्या यंत्रातून वाकडी निघालेली प्रत त्याच्या टोपलीत टाकून येऊ नये. घरी आणून बारीक फाडावी.